दारावरचा डहाळा

आमच्या दारावरचा कडुलिंबाचा डहाळा वाळून आता नुसत्या काड्या उरल्यात. शेजारची रेवा नुकतीच चालायला लागली आहे. आज ती आमच्या उंबऱ्यात बसून गळलेली पानं वेचत होती.

फाल्गुनात ह्यांना कांजिण्या आल्या. साठीनंतर आलेल्या कांजिण्या वाईट, हे मला ठाऊक होतं. तापात हेच म्हणाले, "दाराला डहाळा लाव. शेजारी तान्हं बाळ आहे." मी लावला. तो बघून लोक जिन्यातूनच परत जायचे. दहाव्या दिवशी हे गेले, तेव्हाही कोणी आत आलं नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. विषाणू शिरलेली पेशी एक प्रथिन बाहेर सोडते. ते पोहोचलं की शेजारच्या पेशी सावध होतात आणि आपापली प्रथिनं तयार ठेवतात. विषाणू आत आलाच तर ती त्याला वाढू देत नाहीत. "मग त्या पहिल्या पेशीचं काय होतं?" दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतं. "बहुतेकदा ती मरते," असं म्हणून मी फळा पुसते. यंदाही तेच म्हणाले आणि फळा पुसला.

रेवाची आई बाहेर आली. "काकू, काढू का तो डहाळा आता?" तिने हळूच विचारलं.

"राहू दे."

रेवाने एक पान माझ्या हातात ठेवलं. मी तिचा तळहात पाहिला, दंड पाहिला, गाल पाहिले. कुठेही एकही व्रण नव्हता.