भंगारापेक्षा स्वस्त लेथ

मी कारकून होतो. ऑफिस ठाण्याला, घर डोंबिवलीत तळमजल्यावर. आयुष्यात एक तरी वस्तू हातांनी बनवावी, असा उदात्त विचार मला फायलींना दोरे बांधताना सुचत असे. ऐंशीचं दशक सरता सरता शहाडला एक म्हातारा कातारी लाकूड कातायचा आपला लेथ विकतोय असं कळलं आणि मी लगेच गेलो. लेथ आठ फूट लांब. त्यावर त्याने जन्मभर पाळण्यांचे खांब आणि लाटणी कातली होती. आता हात थरथरत होते.

मी भाव पाडत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, भंगारवाला याहून जास्त देतोय. पण तो तोडणार. तुम्ही चालवाल?"

"रोज," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा चेहरा फार प्रामाणिक दिसतो.

"मग न्या. दसऱ्याला पहिलं लाटणं मला दाखवायला आणा."

चार हमालांनी लेथ मागच्या पडवीत आणून ठेवला. मग वायरमनने मोटर बघितली आणि विचारलं, "साहेब, थ्री-फेज आहे का घरात?" फेज मोजायचे असतात आणि आपल्या घरात एकच आहे, हे मला तेव्हा कळलं.

"स्वस्त पडला ना?" बायको म्हणाली आणि त्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

दसरा आला. वचन पाळणारा माणूस मी, म्हणून कल्याणच्या बाजारातून एक लाटणं विकत घेतलं. दुकानाची चिठ्ठी खरवडून काढली, नवं दिसू नये म्हणून थोडं पीठही चोळलं. एवढी मेहनत मी लेथवर घेतली असती तर!

म्हाताऱ्याने ते हातात घेऊन फिरवलं. टोकाच्या दोन चरांवर त्याचा अंगठा थांबला. एक चर खोल होता, दुसरा उथळ.

"हात बसलाय तुमचा, साहेब," तो म्हणाला. "फक्त थरथर माझी उचललीत."

त्याच्या सूनबाईने चहा आणला, तो मी तोंड भाजेपर्यंत घाईने प्यायलो. निघताना त्याने माझ्या हातात आपट्याचं पान दिलं, मग आणखी एक. "हे मशीनला."

लाटणं त्याने ठेवून घेतलं.

घरी आलो. ते पान लेथवर ठेवायला आधी बरणी उचलावी लागली, मग वाळत घातलेल्या दोन साड्या.