न भाजलेला राब

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पनवेलला कुकर लावत होते. "वन्सं, चहा घेऊन गेले तर तुमचे दादा उठलेच नाय..." एवढंच ती बोलली. दीड महिना झाला. अजूनही दुपारी फोन वाजला की वाटतं, आभाळाची तक्रार करायला दादाच असणार.

दादा, माझा थोरला भाऊ, खोपोलीत भूगोल शिकवायचा. राहायला साजगावच्या बाजूला, आमच्या गावात. निवृत्त झाल्यावर घरची भातशेती त्याने हौसेने अंगावर घेतली. एका वर्षी जूनच्या तोंडावर आभाळ राखाडी झालं. मळभ आलं म्हणून सगळ्या गावाने धूळवाफ केली, म्हणजे कोरड्या मातीतच भात पेरला. दादानेही पेरला. मळभ कसलं, ते धुरकं होतं! एका सरीने कोंब फुटले, मग पावसाने अशी ओढ दिली की सगळे करपले. भूगोलाच्या मास्तरला ढग आणि धूर ओळखता येऊ नये? मी चिडवलं, पण त्याला ते फार लागलं होतं.

मग तो वाचत सुटला. "थेंबाला बसायला कण लागतो गं," मला सांगायचा. "पण धुराचे कण झाले ढीगभर. एका पातेल्यातली आमटी अख्ख्या वऱ्हाडाला वाढली तर पानात काय पडणार? थेंब बारीकच राहतात, खाली येत नाहीत. शिवाय धुरक्याने ऊन अडतं, जमीन तापत नाही, समुद्रावरचा वारा ढिला पडतो." हा धूर कुठून कुठून येतो आणि एकाच कारखान्यावर बोट ठेवता येत नाही, हेही तोच सांगायचा. मग निदान आपल्या घरातून तरी धूर नको, असं त्याने ठरवलं.

इथेच तो अडकला. आमच्याकडे रोपांची जागा आधी भाजतात. पाला, फांद्या, शेणी पसरून पेटवायच्या, की तण मरतं. हा राब. दुसऱ्या वर्षी दादाने राब भाजूच दिला नाही. तणाने रोपं गिळली, आणि वहिनीला टेंपो करून माहेराहून रोपं आणावी लागली. त्या दिवशी ती कडाडली, "पोरगा कारखान्याच्या चिमनीखाली राबतो, तो पगार चालतो तुमाला. माज्याच राबाचा धूर दिसतो काय?" मुलाला नोकरी सोड म्हणणं दादाला शक्य नव्हतं, आणि रोपांशिवाय शेत नव्हतं.

पुढच्या वर्षापासून वहिनी राब पुन्हा भाजायला लागली. वहिनीने काडी हातात घेतली की दादा बांधावरून "नको गं" म्हणायचा, ती "गप बसा" म्हणायची आणि पेटवायची. भांडण तेवढंच उरलं होतं. मला ते बघून हसू यायचं, आणि दादाची कीवही.

गेल्या आठवड्यात गावी गेले. भाचा कामावर होता. पाला वाळून कुरकुरीत झाला होता, वारा पडला होता. वहिनी काडेपेटी घेऊन उभी होती, पण काडी ओढेना.

"वेळ जातोय वहिनी," मी म्हणाले.

ती बांधाकडे बघत होती. "वन्सं, तुमी तरी एकदा नको म्हना..."

मला म्हणता येईना. भात तर लावायचाच होता.