एका गंजातले कप

सुखदेवभाऊ मजुरांच्या सभेत आधी बोलत नसत, आधी कप धूत. जर्मनचा एक काळपट गंज, म्हणजे पातेलं, त्यात पाणी, आणि त्या पाण्यात बुडवलेले सगळ्यांचे कप. एकदा गंजात गेला की कुणाचा कप कुठला ते कळायची सोय नसे. चहा संपेपर्यंत मजुरीचा विषय काढायचा नाही, असा त्यांचा नियम होता. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीतल्या बाया त्यांना तोंडावर म्हणत, "दुसऱ्यायचे नेते भाषण देतेत, आमचा नेता भांडे घासते." भाऊ हसत आणि पुढचा कप उचलत.

भाऊ लोधीखेड्याचे. बौद्ध मोहल्ल्यात विहाराला लागून त्यांचं घर. हंगामात मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायच्या, एरवी मिळेल ते काम. मी सौंसरच्या शाळेतून निवृत्त झालो त्याच सुमारास ते माझ्याकडे एक पत्रक लिहून घ्यायला आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर पेला स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सोपं लिहा. माह्या माणसायले दाम बी बराबर पाह्यजे अन मान बी बराबर पाह्यजे. एक आधी, दुसरं मागून, असं नोका लिहू." मी दोन-तीनदा लिहिलं, तरी एक काहीतरी आधी येईच. वाक्यात दोन गोष्टी एकाच वेळी लिहिता येत नाहीत, हे मी त्यांना समजावलं. "मंग चहाच बरा," ते म्हणाले.

चहाचं कारण होतं. कापूस वेचायला शेताच्या एकाच धुऱ्यावरून, बांधावरून, सगळ्या बाया जात. कुणब्यांच्या, तेल्यांच्या, बौद्धांच्या. मजुरी सगळ्यांना सारखीच आणि सारखीच कमी. पण दुपारी चहा आला की बौद्ध बायांचे पेले कुंपणाच्या काट्यावर उलटे ठेवलेले असत, त्यांनी ते तिथून घ्यायचे आणि तिथेच ठेवायचे. भाऊंना वाटे, जी माणसं एका कपातून पिऊ शकत नाहीत ती मजुरीसाठी मालकासमोर एकत्र किती वेळ उभी राहतील?

वामनराव त्यांचे जोडीदार. कुणबी, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी वर्षभर मंडीत हमाली. त्यांनी भाऊंच्या गंजातल्या कपातून पहिला चहा डोळे मिटून प्यायला होता, असं भाऊ सांगत. वामनराव म्हणत, "डोये मिटले कारण चहा बेकार होता." भाऊंची मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकत होती. तिला मात्र हा सगळा प्रकार पटत नसे. "बाबा, सगळ्यायचे कप तुमीच काउन धुता? ही कोणती बराबरी?" भाऊ म्हणत, "कोणाले तरी सुरू करा लागते. एखांद्या दिवशी वामन धुईन." वामनराव म्हणत, "मी घरचे नाई धुत बाप्पा."

मग जनपद पंचायतीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या तालुका पंचायतीची, निवडणूक आली आणि भाऊ उभे राहिले. सदस्य झालो तर व्यापाऱ्यांना मजुरीच्या बोलणीला बसवता येईल, एवढीच त्यांची आशा होती. आणि ती वेडी नव्हती. दोन्ही मोहल्ल्यांतले लोक पहिल्यांदाच एकाच माणसाचं नाव घेत होते.

तेव्हा एका दुपारी वामनराव माझ्या ओट्यावर त्यांना म्हणाले, "सुखदेव, राग नोको धरू. मजुरीवर आमचा अख्खा मोहल्ला तुह्या मांगं हाय. पण त्या कपावर घरच्या बुढ्या नाई मानत. डिस्पोजल आण. ज्याचा त्यानं पेला अन फेकला. त्यायचा धरम राह्यते, तुहं वोट राह्यते."

"अन चुनाव झाल्यावर?"

"मंग घास न जन्मभर. कोण रोखून राह्यलं?"

छिंदवाड्याहून आलेले शिकलेले कार्यकर्तेही तेच सांगत होते: सध्या पोटाचं बोला. कॉलेजातली आमची बौद्ध तरुण मुलं उलट म्हणत, जे तुमच्या कपातून पीत नाहीत त्यांच्या दारातच जाऊ नका. भाऊ थकून गेले होते. म्हणाले, "एक म्हणते मान खिशात ठेव. दुसरा म्हणते वामनले सोड. दोघायलेही मंडीत पेटी उचलाची नाई, मास्तर." शेवटी ते उठून कागदी कप आणायला बाजारात गेले.

रामाकोन्याच्या सभेला जेवढी गर्दी झाली, तेवढी पूर्वी कधी झाली नव्हती. कागदाचे पांढरे कप वाटले गेले. कुणब्यांच्या म्हाताऱ्याही आल्या, प्यायल्या. बौद्ध बायांनी कप घेतले आणि भरलेले तसेच समोर जमिनीवर ठेवले. भाषण संपेपर्यंत त्या चहावर साय धरली. उठताना त्यांच्यातल्या सुमनबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, कुंपणावरचा पेला आमाले होताच. तुमी कागदाचा आणला."

भाऊ हरले. वामनरावांच्या मोहल्ल्यातली बरीच मतं शेवटी एका बागायतदाराकडे गेली, आणि आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बऱ्याच बाया मतदानाच्या दिवशी कापूस वेचायला निघून गेल्या. "हारलो त्याचं काई नाई, मास्तर," ते म्हणाले. "कागदाचे कप आणून हारलो." दुसऱ्या आठवड्यात गंज पुन्हा निघाला. माणसं थोडी येत. त्यानंतर ते कधी उभे राहिले नाहीत, पण कप धुणं काही सुटलं नाही.

या हिवाळ्यात त्यांना मंडीतच धाप लागली. नागपूरला नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

विहारात वंदना झाली. त्यांच्याविषयी दोघंतिघं बोलले. मग चौकातल्या हॉटेलवाल्याचा पोऱ्या नव्हे, हॉटेलवाला स्वतःच केटली आणि कागदी कपांची चळत घेऊन आला. भाऊंचा मान म्हणून फुकट आणला होता बिचाऱ्याने. लोक घेऊ लागले. वामनराव मागे उभे होते. त्यांनी कप घेतला नाही. ते प्रज्ञाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बेटा, गंज कुठी हाय?"

घरातून कपांसकट गंज आणून तिने अंगणात ठेवला.

वामनराव उकिडवे बसले. त्या हातांना पेट्यांची सवय, कप निसटत होते. सगळे पाहत होते आणि पाहत नाही असं दाखवत होते. शेवटी सुमनबाईंना राहवलं नाही. "असे नाई धुत, वामनराव. कपाच्या कानातून बोट फिरवा."

"शिकून राह्यलो न व," ते मान वर न करता म्हणाले.

पहिल्या ओल्या कपात चहा ओतून तो त्यांनी सुमनबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, जरा वेळ हातात ठेवला आणि मग प्यायल्या. सगळ्यांनी कागद टाकून कप घेतले असं नाही. काहींनी घेतले, काही तसेच निघून गेले.

उरलेल्यांचा चहा संपला. वामनरावांनी हात धोतराला पुसले आणि मजुरीचा विषय काढला.