हरीशला मी ओळखत नाही म्हणालो

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावालाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी अंबरनाथला एका कारखान्यात लेथवर होतो, राहायला कुळगावात थोरल्या भावाकडे. हरीश उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात पँटी शिवायचा. एकदा पँट शिवून घ्यायला गेलो, आणि — पुढचं कसं सांगू? दोन वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. हे शब्द त्याचे. मी तेवढंही कधी बोललो नाही. भीती वाटायची. त्या कलमाचा आकडा मला पाठ होता — तीनशे सत्त्याहत्तर. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होते, असं कुठेतरी वाचलेलं. कारखान्यात कुणी माझ्याकडे बघून नुसतं हसलं तरी मी दिवसभर त्याची नजर चुकवायचो.

रविवारी दुपारी आम्ही बदलापूरला नदीकाठी बसायचो, करवंदीच्या जाळीमागे. त्या दिवशी त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढंच. आणि समोर दोन हवालदार.

"काय रे, काय धंदे चाललेत?"

त्यांनी अजून हात उचलला नव्हता. नावही विचारलं नव्हतं. मीच उठलो आणि आपणहून म्हणालो, "साहेब, मी ओळखत नाही याला. मी एकटा बसलो होतो, हाच येऊन लगट करायला लागला."

हरीशला मराठी कळायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, मी काय करतोय ते उमगायला त्याला जरा वेळ लागला इतकंच. मग हवालदाराला म्हणाला, "हाँ साहब. इसकी कोई गलती नहीं है."

त्याला कॉलरला धरून नेलं. मला म्हणाले, घरी जा, पुन्हा दिसू नकोस. मी गेलो. वळून पाहिलं का? नाही.

चौथ्या दिवशी त्याची आई पत्ता शोधत घरी आली. वहिनीनं पाणी दिलं. बाई उभ्यानंच बोलत होत्या — "बेटा, तू तो हरीश का दोस्त है ना? चौकी में इतना मारा है, उससे उठा नहीं जाता. गली में सब गंदा बोलते हैं. तू चल, बोल सबको, मेरा लड़का ऐसा नहीं है."

माझा साखरपुडा आठ दिवसांवर होता. भाऊ दारातच उभा. मी म्हणालो, "माँजी, मैं किसी हरीश को नहीं जानता."

दिवाळीत, भाऊ कामावर असताना, माझ्या वहिनीनं हरीशला स्वतः जेवायला वाढलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिनं हरीशचं नाव कधी काढलं नाही.

बाई ग्लास ओट्यावर ठेवून भर उन्हात स्टेशनकडे निघाल्या. मी खिडकीशी उभा होतो. वाईट वाटत होतं म्हणून? नाही. त्या परत तर येत नाहीत ना, हे बघत होतो.

लग्न झालं. सहा महिन्यांनी कॅम्पात गेलो, तर त्याच्या जागी दुसराच कुणी शिवत होता. "वो लोग तो घर छोड़के चले गए," म्हणाला. कुठे, असं विचारलं असतं तर त्यानं माझं नाव विचारलं असतं. मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही कधीच नाही.