झोळीतला हात

मुलांनो, तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर विचारता, मावशींचा हात बरा झाला का. मी 'हो, बराच' म्हणते आणि विषय बदलते. आज नीट लिहिते.

मावशी सापगावहून माझ्याकडे भाकरी करायला येतात. गेल्या कापणीत डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून येताना त्या घसरल्या. आपण सगळेच करतो तसं पडताना त्यांनी हात पुढे टेकला, आणि उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. मी त्यांना शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. हाड जागेवर होतं, म्हणून फक्त हात झोळीत बांधला.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवलं. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका. हिला समजावून सांगा."

कागदावर होतं: आठवड्याने झोळी काढून, वाकून, हात सैल सोडून झुलवायचा. रोज चार वेळा. महिन्याने दाखवायचं.

मुरबाडच्या शाळेत मी खांद्याचा हाच सांधा फळ्यावर काढायची. उथळ बशीत ठेवलेला चेंडू, भोवती सैल पिशवी. बशी उथळ म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि हात फार दिवस बांधून ठेवला तर ती पिशवी आखडते. हे मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पण त्यांच्या खळ्यावर झोडणी चालू होती. हात हलवायचा आहे असं कानावर पडलं, की ही बाई दुसऱ्या दिवशी पेंढी डोक्यावर उचलून आपटणार, याची मला खात्री होती. म्हणून त्यांना घरी सोडताना मी सांगितलं, "डॉक्टर म्हणालेत, दोन महिने हात हलवायचा नाही."

"दोन महिने? बाई, मी काय नवरी हाय का, हळद लावून बसायला?"

"बसायचं."

त्यांची जाऊ दारात उभी होती. ती म्हणाली, "बस गो. शिकलेल्यांच्या घरी हाताला पण सुट्टी मिलते."

मावशी हसल्या आणि खरंच बसल्या. मधे दोनदा त्यांनी विचारलं, "बाई, हात लाकडासारखा लागतोय. थोडा हलवू?" मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. महिन्याने दाखवायचं होतं, तेही मी पुढे ढकललं.

दोन महिन्यांनी झोळी सोडली तेव्हा हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी दंड धरून उचलला, तर सगळा खांदाच वर आला. "व्यायाम केला नाही ना? तुम्ही लोक ऐकतच नाही."

मावशी खाली बघत म्हणाल्या, "चुकला सायेब. बाईंनी सांगितला आसंल, मीच इसारले."

मी शेजारी उभी होते.

परतताना रिक्षात त्यांनीच माझी समजूत काढली, "तुमी कशाला तोंड पाडता? हात माझा वाकडा झालाय." तेव्हा मी कागदावर काय होतं ते सांगितलं, आणि का लपवलं तेही. आसनगाव फाट्याशी त्या म्हणाल्या, "हात माझा होता ना, बाई? मला सांगायचा. झोडायला गेले आसते, तर मी गेले आसते."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "सायेबाला सांगा, मी आळशी नाय."

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि बाकावरच्या पेशंटांसमोरच सांगितलं. डॉक्टरांनी नवा कागद घेतला आणि या वेळी मराठीत लिहिलं.

आता सात महिने झाले. भिंतीवर बोटं चालवून चालवून हात कानापर्यंत येतो. भाकरी थापता येते. पण पाठीमागे जात नाही, आणि लुगड्याचा काष्टा खोचायला हात मागेच न्यावा लागतो. घरी सून खोचून देते. माझ्याकडे काम करताना सुटला, तर त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात आणि डाव्या हाताने झटत राहतात. मी बाहेरच्या खोलीत असते, हे त्यांना माहीत असतं. त्या मला हाक मारत नाहीत.