हिंबाळ्यांची कुळं

पारूबाईला कधी निवांत बसलेलं मी पाहिलं नाही. वाळूजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सात जणी कामाला होतो. समोर रबराच्या वायसरांचा ढीग, हातात अर्धं ब्लेड, आणि वायसरची जादा कड कापायची, एवढंच काम. बाकीच्या मांडी घालून बसायच्या. पारूबाई उकिडवी, आत्ता उठून पळायचंय असं. पाच वर्षांत तिनं चार खोल्या बदलल्या. कारण विचारलं की म्हणायची, "तिथं मागून निघायला वाट नव्हती."

मी एकोणनव्वद साली तिथं लागले. नवऱ्याचं गुलमंडीतल्या कापडदुकानातलं काम सुटलं, म्हणून क्रांती चौकातून कंपनीच्या बसनं वाळूजला जायला लागले. पारूबाई तिथंच, रस्त्याकडेच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा सांडू नव्या कारखान्यांच्या बांधकामावर फळ्या ठोकायचा. त्या वर्षांत त्याला कामाची ददात नव्हती. आज जिथं ज्वारी दिसायची तिथं सहा महिन्यांत चिमणी उभी राहायची.

हिंबाळ्यांचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते जेवणाच्या सुट्टीत. आक्काबाई नावाची एक धनगराची बाई होती, गंगापूरकडची, तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, "पारूबाई, भाकर ताटात आन नजर दारात. कुठं बघतीस गं सारखी?"

"हिंबाळ्यांच्या देशात."

"हा कुठं आला?"

"डोंगर चालतेत तिथं," पारूबाई म्हणाली.

आम्ही हसलो. पण ती सांगत गेली आणि आमच्या भाकरी हातातच राहिल्या. त्या देशात डोंगर वर्षातून एकदा उठतात आणि दुसरीकडं जाऊन बसतात. म्हणून हिंबाळ्यांना घर नाही, शेत नाही, लिहिणं-वाचणं नाही. डोंगर उठला की माणसांनी उठायचं. त्यांची चार कुळं. धूरकूळ विस्तव सांभाळतं. चालतानाही निखारा मडक्यात. मुळीकुळाला कंदमुळांची पारख. ओझंकूळ म्हाताऱ्यांना पाठीवर घेतं. आणि हाळीकूळ पुढं जाऊन हाळी देतं. डोंगरानं उत्तर दिलं तर तो अजून झोपलाय, नाही दिलं तर पळायचं. अनोळखी माणूस भेटला की ते नाव विचारत नाहीत, त्याचा तळहात हुंगतात. धुराचा वास आला तर धूरकूळ, मातीचा आला तर मुळीकूळ.

महिन्याभरात आम्ही सगळ्या हिंबाळी झालो. आक्काबाईनं ओझंकूळ घेतलं, मी मुळीकूळ. केसरबाई आमच्यात वयानं मोठी, मुकादमाच्या गावची, तिनं धूरकूळ मागून घेतलं. "ए ओझंकुळाची, ब्लेड दे," असं शेडमध्ये चालायचं. पारूबाई स्वतः हाळीकुळाची.

हे सगळं तिला सुचलं कुठून, ते तिनं मला एकदा नळावर डबे धुताना सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव आग लागली, तेव्हा तिच्या गावातली वस्तीही जाळली. सांडू बाहेरगावी कामाला होता. पारूबाई दोन वर्षांच्या गीताला घेऊन बाजरीच्या रानात शिरली. दोन दिवस तिथंच. बांधावरून माणसं फिरत होती आणि पोरगी रडायला बघत होती.

"तिच्या कानात म्हणलं, गप. हितं डोंगर झोपलेत. आवाज केला की चालायला लागतेत. ती गप झाली. मग घडीघडीला नवं सांगावं लागलं, लीलाबाई. एक कूळ सरलं की दुसरं."

डबा धुऊन झाला होता तरी ती घासत राहिली.

त्र्याण्णवच्या शेवटाला नामांतराचं पुन्हा पेटलं. क्रांती चौकात एक दिवस या बाजूचा मोर्चा, एक दिवस त्या बाजूचा. आमची बस दोनदा अडकली. शेडमध्ये त्यावर कुणी बोलायचं नाही, पण पाण्याच्या माठाजवळ बायका थांबेनाशा झाल्या. अशाच एका दुपारी पारूबाई हिंबाळ्यांच्या लग्नाचं सांगत होती. केसरबाईनं घास गिळला आणि शांतपणे विचारलं, "समदं खरं, पण त्यांच्यात मेलेलं ढोर ओढणारं कूळ कोणतं गं? ते सांगितलंच नाय तू."

एक जण हसली. मी ताटात बघत राहिले.  पारूबाई उठली, डबा तिथंच टाकून चालायला लागली. पाळी सुटायला चार तास होते. मुकादम ओरडला तरी तिनं मागं पाहिलं नाही. सांडू काम करत होता त्या बांधकामापर्यंत ती चालत गेली, आणि बांबूच्या परांचीखाली उभं राहून वर ओरडली, "मी केलेल्या माणसांतबी ते घुसलं!" सांडूला काय घुसलं ते कळेना. हे त्यानंच मला मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, पण हिंबाळे बंद. कापायची, उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. दोनदा बोट कापून घेतलं.

संक्रांतीला नामांतर जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी दंग्याच्या भीतीनं आमच्या बसमध्ये पाचच माणसं. शेडमध्ये आम्ही तिघीच: पारूबाई, आक्काबाई आणि मी. वस्तीत रात्रभर गुलाल उधळला होता. पारूबाईच्या केसांत अजून होता.

"आता तरी बस की निवांत," मी म्हणाले.

"नाव झालं, बाई. लई चांगलं झालं. पण त्याचा राग गावाकडं कुणावर निघंल?"

आक्काबाई बराच वेळ कापत होती. मग म्हणाली, "पारूबाई, सांग ना. कोण ओढतं?"

पारूबाई ताडकन उठली. "तू बी?"

"तशी नाय गं म्हणत. आमी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडतो तवा मेंढरू मेलं, घोडं मेलं, तर आमीच ओढतो. रानात दुसरं कोण येणार? म्हणून इचारते. हिंबाळेबी हिंडतेच की."

 पारूबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "ज्याचं ढोर, त्यानं ओढायचं."

"आन त्याच्यानं नाय झालं तर?"

"जवळ जो असंल त्यानं हात लावायचा. कूळ नाय बघायचं." मग एकदम चिडून, "त्यापरीस कुळंच नको. काढून टाकते समदी."

"आगं, का काढतीस?" आक्काबाई ब्लेड खाली ठेवून भांडायलाच बसली. "कूळ नसंल तर सोयरीक कशी जुळवायची? माझं ओझंकूळ मी देणार नाय."

"मग राहू दे. वर-खाली तेवढं नको."

"ते नकोच."

चार-पाच दिवसांनी सगळ्या परत आल्या. हिंबाळ्यांचा नवा कायदा आक्काबाईनंच मोठ्यानं जाहीर केला. केसरबाईनं डबा उचलला आणि ती भिंतीकडं जाऊन बसली, तिच्यामागं आणखी दोघी. त्या परत कधी आमच्यात जेवायला बसल्या नाहीत. मी एकदा धीर करून पारूबाईला म्हणाले, "त्या दिवशी मी गप बसले." ती म्हणाली, "पाहिलं होतं मी." मग तिनं पुढचं वायसर कापायला घेतलं.

उन्हाळ्यात आक्काबाईच्या मुलीचं लग्न निघालं. पारूबाईनं सोळा वर्षांत कुठल्याच गावात पाय ठेवला नव्हता. तरी ती माझ्याबरोबर एसटीत बसली. फाट्यावर उतरल्यावर मात्र अर्धा तास हलेना. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस निरखून बघायची. "तुमी व्हा पुढं," म्हणाली. मी गेले नाही. शेवटी तीच चालायला लागली, माझ्या पुढं, भरभर.

मांडव माळावर होता. आक्काबाईची सासू बानाबाई दारात बाजेवर बसली होती. तिनं पारूबाईला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणाची गं तू?"

"आमी बौद्ध," पारूबाई म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. दोन-चार माना वळल्या.

 म्हातारी बाजेवर सरकली. "उन्हात का उभी मग? बस."

पारूबाई बाजेच्या काठाला टेकली. जेवली, नवरीच्या हातात साडी दिली, आणि तीनच्या गाडीला निघायचं म्हणून दोन वाजल्यापासून माझा पदर ओढायला लागली. आक्काबाई थांब थांब म्हणत बुंदी बांधून द्यायला धावली, तोवर ती रस्त्याला लागलीसुद्धा होती.