पिल्लांची आई

मुलगी नागपूरला वसतिगृहात गेली त्या वर्षी घर खायला उठायचं. भद्रावतीला आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा कोळसा खाणीत, त्याची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. एकदा शाळेतून आले, कुलूप उघडलं आणि तशीच दारात उभी राहिले. आत जावंसंच वाटेना. त्याच आठवड्यात मी कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरवलं.

तेव्हा पांढऱ्या केसाळ पामेरियनचं फार वेड होतं. चंद्रपूरचा एक माणूस घरीच पिल्लं काढून विकतो, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. रविवारी एसटीनं गेले. त्याच्या घरामागे टिनाच्या छपराखाली लोखंडी जाळीचे पाच पिंजरे होते. पिल्लं गोजिरवाणी होती. शेवटच्या पिंजऱ्यात मात्र एक कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस पिवळट पडलेले, त्यांच्या गुठळ्या झालेल्या, पोट लोंबलेलं.

"ही कोण?" मी विचारलं.

"या सगळ्याईची माय. आता कामाची नाई राह्यली. मागच्या खेपेले एकच पिल्लू झालं, तेही मेलेलं."

"मग हिचं काय करणार?"

"पोंभुर्ण्याकडं जाणं होते माझं. देईन सोडून कुठी तरी."

पोंभुर्ण्याकडं म्हणजे जंगलात. बोलताना तो पिल्लांना दूध घालत होता आणि त्याचा आवाज अगदी साधा होता. मी हातात घेतलेली पिल्लं परत खाली ठेवली. "मग मलेच द्या तिले," म्हणाले. त्यानं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

एसटीत मी तिला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. वाटभर तिनं आवाज केला नाही. फक्त थरथरत होती.

नवऱ्यानं शाल उघडून पाहिली. "पिल्लू आणाले गेली होतीस ना? हे म्हातारी काऊन आणली?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कात्री घेऊन अंगणात बसला आणि तिच्या गुठळ्या एकेक करून कापत राहिला. दुपार झाली तरी उठला नाही.

गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. "नऊ-दहा वर्षांची असन. दात गेले सगळे. भाकर दुधात कुस्करून देत जा."

जाळीवर राहून तिचे पंजे फाकले होते. सपाट फरशीवर ती घसरायची. अख्खं घर मोकळं असून ती कपाटामागच्या कोपऱ्यात राही. तिथं दोन पावलं टाकायची आणि वळायची. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळायची. पिंजरा तेवढाच होता ना. मला ते बघवत नसे. मी तरी तिथं तिचं पिल्लू विकत घ्यायलाच गेले होते, हेही आठवायचं.

नाव आम्ही ठेवलं नाही. नवरा तिला "बाई" म्हणायचा. "बाई, चला जेवाले." महिनाभरानं ती त्याच्या हाकेला कोपऱ्यातून बाहेर यायला लागली. पुढं त्याच्यामागोमाग अंगणात, मग फाटकापर्यंत.

पाच-सहा महिन्यांनी चंद्रपूरचा तो माणूस स्कूटरवरून आला. त्याची तरुण कुत्री बाळंतपणात मेली होती. आमची चांगली सुधारली, असं त्याच्या कानावर गेलं होतं.

"एक खेप घेऊन पाहतो, मग आणून देतो," तो म्हणाला. "वरून एक पिल्लूही देतो तुम्हाले."

खरं सांगते, ते पिल्लू क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर आलं. तेवढ्यात बाईनं त्या माणसाचा आवाज ऐकला. ती उभ्या जागी मुतली. मग खोलीच्या मधोमध दोन पावलं टाकली आणि वळली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळली.

नवरा ते बघत होता. "भाऊ, चहा घ्या," तो म्हणाला. "पण तिले नाई नेता येणार."

"मी फुकट देली होती तिले."

"देली ना? मग झालं. लय पिल्लं देली तिनं. आता बसू द्या तिले."

माणूस चहा न घेताच गेला. नवऱ्यानं फडकं आणून फरशी पुसली आणि बाईजवळ जमिनीवर बसून राहिला. ती थांबायला बराच वेळ लागला.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. सकाळी शेताच्या बांधापर्यंत फिरायला जायची. चैत्रात मोहाची फुलं हुंगायची, एखादं खायचीही. ऐन मे महिन्यात, कूलरसमोर झोपलेली असताना गेली. नवऱ्यानं त्या दिवशी ड्यूटी बुडवली आणि घरामागे खड्डा खणला.

मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, आता एखादं पिल्लू आणू का?"

"पिल्लू नको," तो म्हणाला. "कोणाकडं एखादी म्हातारी असन, तर विचार."